वाजवी अपेक्षा

फ्रीज एकदम थरथरला आणि घुरघुरायला लागला. दोन तासांच्या चिडीचूप शांततेनंतर तो आवाज एवढा मोठा वाटला, की उत्पलानं आधी पारमीकडे पाहिलं. पोर जागी झाली नव्हती. ओला पंचा पोटावर घेऊन, तोंड किंचित उघडं ठेवून झोपली होती. अकोल्यात मे महिन्यात वीज गेली की माणसं बोलणंसुद्धा वाचवतात. आता वीज आली होती. कूलरनं एक उचकी दिली, राउटरचे दिवे हिरवे झाले आणि उशीजवळचा फोन दोनदा हलला.

‘आपला निर्वाह भत्त्याचा अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. कारण : वाजवी अपेक्षा आढळली. अपेक्षांक ७१, मर्यादा ३०. फेरचाचणी एकदाच, एकवीस दिवसांनंतर.’

तिनं ते तीनदा वाचलं. विद्यार्थ्यांना ती नेहमी सांगायची, प्रश्न तीनदा वाचा, अर्धं उत्तर त्यातच असतं. यात नव्हतं.

उत्पला गवई सात वर्षं एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होती. तासिका तत्त्वावर म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचंच मानधन. एप्रिलमध्ये तास संपले की नोकरीही संपते. पण तसं तोंडानं कुणी म्हणत नाही. शेवटच्या दिवशी विभागात आलुबोंडे येतात, विभागप्रमुख तायडे सर सगळ्यांना स्वतःच्या हातानं चहा देतात आणि म्हणतात, चला मॅडम, जूनमध्ये भेटू. लिहून कुणी काही देत नाही. मग जून येतो. कधी बोलावणं येतं, कधी ऑगस्ट उजाडतो. एका वर्षी तर दिवाळी होऊन गेली होती.

मधल्या महिन्यांसाठी नव्या कायद्यानं बेरोजगारांना भत्ता दिला, तेव्हा तासिकावाल्यांनी फटाके फोडायचेच बाकी ठेवले होते. पण पहिल्याच उन्हाळ्यात सरकारी वकील म्हणाले, हे लोक बेरोजगार नाहीतच, सुट्टीवर आहेत. यांना परत बोलावणार हे यांनाही ठाऊक असतं. शिक्षक म्हणाले, दाखवा कुठं लिहिलंय. वाद चालत चालत शेवटी एका वाक्यावर येऊन थांबला : परत कामावर जाण्याची वाजवी अपेक्षा ज्याच्या मनात आहे, तो बेरोजगार नव्हे.

आणि मनात काय आहे ते बघायचं यंत्र तोवर निघालं होतं.

त्यामागचं विज्ञान जुनंच. एखाद्या खुणेमागून काहीतरी येणार हे मेंदूला माहीत असलं, की ती खूण आणि ते येणं यांच्या मधल्या दोन सेकंदांत कपाळाच्या वरच्या भागात एक संथ विद्युतलहर चढत जाते. एका व्होल्टचा लाखावा भाग, एवढीच. बाकीच्या गोंगाटात ती एकदा शोधून सापडत नाही. पण तीच खूण तीस-चाळीसदा दिली आणि सगळ्या नोंदींची सरासरी काढली, तर गोंगाट एकमेकांना खोडत जातो आणि लहर उरते. येणारी गोष्ट येईनाशी झाली की लहर हळूहळू बसते. मेंदू वाट पाहायचं सोडून देतो. पूर्वी यासाठी डोक्याला लेप लावून दहा तारा चिकटवाव्या लागत. आता सायकलवाल्या पोरांच्या हेल्मेटसारखी एक टोपी आली होती, आणि खूण म्हणून अर्जदाराच्या स्वतःच्या कामाचे आवाज वापरता येत होते.

अर्जासोबत म्हणूनच प्रत्येकाला आपल्या एका तासाचं ध्वनिमुद्रण जोडावं लागे. उत्पलानं आपला सगळ्यात चांगला तास जोडला होता. लिफ्टचा. त्यात ती विचारते, लिफ्टमध्ये वजनकाट्यावर तुम्ही उभे आहात आणि दोरी तुटली, तर काटा काय दाखवेल? मग ती थांबते. पंख्याचा आवाज येतो, बाक करकरतो. आणि मागच्या रांगेतली, वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी म्हणते, शून्य.

चाचणी केंद्रावर तो प्रश्न त्यांनी उत्पलाला चाळीसदा ऐकवला. कधी उत्तर लावलं, कधी नाही. चाळीसही वेळा उत्पला थांबली.

झालं होतं ते तिला तिथल्या तिथं कळलं होतं. ती नोकरीची वाट पाहत नव्हती, त्या मुलीच्या उत्तराची पाहत होती. यंत्राला एवढंच कळत होतं, की बाई वाट पाहतेय. कशाची, ते नाही. नकार आल्यावर तिनं आलेख काढून चार पानी आक्षेप पाठवला. उत्तर आलं, आपला आक्षेप नोंदवण्यात आला आहे.

भत्ता म्हणजे घर होतंच, पण घर कसंही ढकललं असतं. भत्त्याच्या कार्डावर पारमीचे वाणी-उपचार होते. पारमीला सहावं लागलं होतं आणि ती अडखळत बोलायची. स्वतःचं नाव सांगताना तिचे ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. मानेची शीर फुगायची. उपचार करणाऱ्या खंडारे मॅडम आठवड्यातून दोनदा तिच्याशी खेळत. त्या म्हणाल्या होत्या, पाच ते सहा हे वर्ष हातचं जाऊ देऊ नका, यानंतर हे घट्ट होत जातं. घरी करायचं तर एकच : विचारलं की थांबायचं. शब्द पुरवायचा नाही, घाई करायची नाही, तिच्या तोंडाकडे बघत थांबायचं. उत्पलाला ते शिकवावं लागलंच नव्हतं. नवरा दोन वर्षांपूर्वी रायपूरला गेला तो फोनपुरताच उरला होता, घरात या दोघीच. आणि या घरात एका प्रश्नाला मिनिटभर लागलं तरी कुणाचं काही जात नव्हतं.

फेरचाचणीतही नकार आला आणि कार्ड बंद झालं, तर ते वर्ष जाणार होतं.

ती डोंगरे सरांकडे गेली. डोंगरे सर गणिताचे, तेवीस वर्षं तासिकेवरच, निवृत्तीला आले तरी कायम न झालेले. उन्हाळ्यात ते मेहुण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसत. त्यांचा अपेक्षांक चार होता. गेल्या तीनही वर्षांत चारच. लोक त्यांना विचारायला येत.

तिनं लिफ्टच्या तासाचं सांगितलं तसे ते चष्म्यावरून तिच्याकडे बघतच राहिले.

“काहून वो मॅडम, मुलाखतीले गेल्या होत्या का तुम्ही? मी तं माझा सगळ्यात बेकार तास देला. अर्धे पोट्टे झोपेल होते त्याच्यात. उरलेले अर्धे मी झोपवले.”

ती हसली, आणि हसताहसताच तिचे डोळे भरले. प्रत्येक अर्ज ही मुलाखतच असते असं सात वर्षं मानत आलेल्या बाईला दुसरं काय सुचणार होतं. ध्वनिमुद्रण आता बदलता येत नव्हतं. डोंगरे सरांनी मागायला आलेल्या पोराला आधार कार्डाच्या दोन प्रती काढून दिल्या, दुकानात कुणी नाही असं पाहिलं आणि समजावून सांगितलं. दात आवळून, पापण्या फडफडवून काही होत नाही. टोपी तसल्या नोंदी गाळते. लहर मारायची तर तिची सवयच मारावी लागते. विचारायचं आणि थांबायचं नाही. उत्तर यायच्या आत दुसरा प्रश्न. दिवसाला तीनशे. दहाव्या दिवशी आतून काहीतरी सैल होतं.

“भिंतीले विचारून होते का सर?”

“भिंतीपुरतं होते,” ते म्हणाले. “माणूस लागते समोर. उत्तर देणारं.”

त्यांनी कुणाला समोर बसवलं होतं ते तिनं विचारलं नाही. त्यांच्या घरी बायको होती एवढं तिला माहीत होतं, आणि ती वहिनी हळदीकुंकवातही कुणाशी बोलत नाही, एवढंही.

तरीही पहिले तीन दिवस तिनं भिंतीलाच विचारलं. मग आरशाला. शेजारच्या रुख्माकाकूंना एकदा विचारून पाहिलं, तर त्या तिच्या दुसऱ्या प्रश्नाच्या आत पहिल्याचं उत्तर तर देऊन टाकतच, वर आपला एक विचारत. चौथ्या दिवशी दुपारी पारमी पत्त्यांचं घर करत होती. उत्पला तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, आपण एक खेळ खेळू, प्रश्नांचा पाऊस. आई विचारत सुटेल, तू नुसतं ऐकायचं.

“कावळ्याचा रंग कुठला, हत्तीला पाय किती, ऊस गोड की मीठ गोड, तुझं नाव काय, मामाचं गाव कुठलं...”

पारमी खिदळली. ओल्या अंगणात पळावं तशी ती प्रश्नांतून पळाली. मग तिला उत्तरं द्यावीशी वाटायला लागली. कावळ्याच्या वेळी तिनं का-का- असं सुरू केलं, तोवर हत्ती आला होता. हत्तीसाठी च-च- झालं, तोवर ऊस. उत्पला आकड्याकडे बघत होती. तिनं फरशीवर खडूनं रेघा मारायला घेतल्या होत्या, दर दहा प्रश्नांना एक. पोरीकडे बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं.

सातव्या दिवशी पारमी उत्तरं द्यायची थांबली. दहाव्या दिवशी ती पाऊस सुरू झाला की पत्ते उचलून बाहेरच्या खोलीत जाऊ लागली. उत्पला मागोमाग जाई. हे पोरीसाठीच आहे, असं ती स्वतःला बजावी. वीस दिवसांचा प्रश्न आहे, मग वर्ष हातात आहे, मग मी तासन् तास थांबेन. रात्री पोर झोपली की तिचे पाय चेपत बसायची आणि झोपेतल्या पोरीची माफी मागायची.

डोंगरे सर म्हणाले होते ते सैल होणं बाराव्या दिवशी झालं. भाजीवाल्याच्या गाडीपाशी तिनं विचारलं, दोडके कसे दिले, आणि चालू लागली. तो मागून ओरडला, ओ ताई, भाव तं ऐकून जा. ती वळली तेव्हा त्याच्या हातात दोडका तसाच उभा होता. आपण काय विचारलं होतं हे तिला आठवलं, पण ऐकायचं होतं असं काही वाटलं नाही. ते भूल दिल्यावर दाढेवर जीभ फिरवावी तसं होतं. दाढ जागेवर आहे, पण आपली नाही.

नकाराच्या आधी कार्डावर मंजूर झालेल्या भेटींतल्या दोन उरल्या होत्या. त्यातल्या शेवटच्या भेटीत खंडारे मॅडम वही उघडून खूश झाल्या. अडखळणं निम्म्यावर आलं होतं. मग त्यांनी दुसरा रकाना पाहिला आणि पेन थांबवलं. शब्दही निम्म्यावर आले होते. घरी काही बदल झालाय का, त्यांनी विचारलं. पाहुणे, भांडण, कुणाचं आजारपण? उत्पलानं नाही म्हटलं. पारमी खेळण्यातल्या बसची चाकं फिरवत होती. तिनं मान वर केली, आईकडे पाहिलं, आणि परत चाकं फिरवायला लागली.

फेरचाचणीला दोन दिवस होते तेव्हा तायडे सरांचा फोन आला. उत्पलाच्या हातात कणीक होती. सकाळपासून तासिकावाल्यांच्या गटावर कुजबुज चालली होती, की अकरा महिन्यांच्या नेमणुका निघणार आहेत, पूर्ण पगारी, विभागाला एक. अशी कुजबुज दर उन्हाळ्यात व्हायची. पण तायडे सर उन्हाळ्यात कधी स्वतः फोन करत नसत. उचलला आणि ते हो म्हणाले, तर परवा टोपीखाली डोकं गप्प बसणार नव्हतं. उचलला आणि ते तसं काही नाही म्हणाले, तर गोष्ट वेगळी. उचलल्याशिवाय कुठलं ते कळायला मार्ग नव्हता. फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा पारमीनं तो उचलून आईसमोर धरला. उत्पलानं कणकेच्या हातानंच तो पालथा केला.

केंद्रावर डोक्याला टोपी चढवणारी मुलगी बोलकी होती. केस दाट आहेत तुमचे, म्हणाली, तेल नाही ना लावलं, लोक मुद्दाम लावून येतात. मग दार लागलं. पंख्याचा आवाज आला, बाक करकरला आणि उत्पलानं आपला स्वतःचा आवाज ऐकला : दोरी तुटली, तर काटा काय दाखवेल?

तिला तो आवाज ओळखीचा वाटला, एवढंच. कुणीतरी काहीतरी विचारत होतं. मागच्या बाकावरची मुलगी शून्य म्हणाली. मग प्रश्न आला आणि ती काही म्हणाली नाही. मग म्हणाली. उत्पला समोरच्या भिंतीवरच्या पोपड्यांचा आकार बघत बसली. एक पोपडा महाराष्ट्राच्या नकाशासारखा होता.

अपेक्षांक सतरा. कार्ड त्याच दुपारी सुरू झालं.

पेढे घेऊन ती झेरॉक्सच्या दुकानात गेली. डोंगरे सरांनी एक तोंडात टाकला, दुसरा कागदात गुंडाळून खिशात ठेवला, आणि विचारलं, तायडेंना फोन केला का मग. विभागात दुसऱ्या कुणाची नेमणूक अजून झालेली नाही, आज चार वाजेपर्यंत कळवायचं आहे, असं त्यांच्या कानावर आलं होतं. आता टोपी गेली, आता करा फोन.

घड्याळात साडेतीन झाले होते.

“करीन,” ती म्हणाली.

“करीन काय, करा ना आत्ता. सात वर्षं ज्यासाठी तडफडल्या ते आलं दारात.”

तिनं फोन काढला. तायडे सरांचं नाव समोर होतं, अंगठा त्याच्यावर होता. ती घड्याळाकडे, नावाकडे, दुकानातल्या पंख्याकडे सारख्याच नजरेनं बघत राहिली. ते काय म्हणतील हे जाणून घ्यावंसं वाटत नव्हतं. भीतीही वाटत नव्हती. भीती वाटली असती तर बरं, असं तिला वाटून गेलं. शेवटी डोंगरे सरांनीच तिच्या हातातून फोन घेतला आणि स्वतः लावला. पलीकडून तायडे सर बराच वेळ बोलले. डोंगरे सर हो हो म्हणत राहिले आणि म्हणाले, “झालं मॅडम. तुमचंच नाव देऊन राह्यले ते. एक जुलैपासून.”

“बरं,” उत्पला म्हणाली.

दुकानात कुणी नव्हतं. यंत्राचा हिरवा उजेड झाकणाच्या फटीतून एकदा सरकत गेला. डोंगरे सरांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

“हे परत येते का, सर?” तिनं विचारलं आणि पेढ्यांच्या खोक्याला दोरी बांधायला लागली. उत्तर यायची वाट तिनं पाहिली नाही. ती पायऱ्या उतरत असताना ते मागून एवढंच म्हणाले, की मले वाटलं तुमचं वय कमी आहे, तुमचं येईल.

संध्याकाळी अंगणात पाणी मारून झाल्यावर ती पारमीला घेऊन पायरीवर बसली. आता सगळं होतं. कार्ड होतं, नेमणूक होती, वर्ष हातात होतं. पोरीशी बोलायचं फक्त बाकी होतं. पूर्वी किती थांबायचं हे तिला कधी ठरवावं लागलं नव्हतं. पोरीच्या तोंडात शब्द असायचा तोवर ती आपोआप तिथं असायची. आता तिच्या आत कुणी थांबत नव्हतं. म्हणून दुपारीच तिनं मनाशी एक आकडा ठरवला होता. पाच. विचारायचं आणि पाच मोजायचे.

“आज अंगणवाडीत काय केलं, पारमी?”

एक. दोन. तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. तीन. चार. पाच. पारमी काही बोलली नाही. उत्पलानं दुसरं विचारलं, डबा संपवलास का, आणि पुन्हा पहिल्या पेरावर अंगठा ठेवला. पारमी आईच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती तिच्या हाताकडे बघत होती. चारपर्यंत अंगठा गेला तेव्हा तिनं आपला छोटा ओला हात पुढे केला आणि तो अंगठा धरून ठेवला.

तिचे ओठ मिटले. मानेची शीर फुगली. उत्पलाच्या अंगठ्याला पुढं जाता येईना, आणि पुढं न जाता काय करायचं असतं ते तिला आठवेना. ती नुसती बसून राहिली. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, रुख्माकाकूंनी पलीकडे नळ बंद केला. मग ओठ सुटले.

“प-प-पाचसाठी थांबतेस तू, आई,” पारमी म्हणाली, “का म-माझ्यासाठी?”